सोनेरी बाणाचा प्रवास

पूर्वीच्या काळी पंडित, गवई आणि मल्ल ह्या तिघांनाही पोटासाठी एकच गोष्ट करावी लागे: आश्रय शोधावा लागे. एका दरबारी मान राहिला नाही, की माणूस आपली पोथी, आपला तंबोरा किंवा आपला लंगोट गुंडाळून दुसऱ्या दरबाराची वाट धरी. विसाव्या शतकात ह्या आश्रितांच्या पंगतीला एक नवा माणूस येऊन बसला. तो म्हणजे धंदेवाईक फुटबॉलपटू. त्याच्यासाठी लाखांचा जनसमुदाय लोटे आणि त्याचे नाव पोरासोरांच्या तोंडी असे. परंतु एका बाबतीत त्याची स्थिती जुन्या आश्रितांहून बिकट होती. गवयाला दरबार सोडता येई. फुटबॉलपटूला क्लब सोडता येत नसे. करार संपला तरी त्याच्या नोंदणीचा कागद क्लबच्या कपाटात राही, आणि दुसऱ्या क्लबने तो कागद विकत घेतल्याखेरीज अधिकृत सामन्यात चेंडूला पाय लावण्याची त्याला मुभा नसे. पाय त्याचे स्वतःचे होते, पण ते कोठे चालवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याचा होता.

हा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नाभोवती ज्याचे अवघे आयुष्य फिरले असा एक खेळाडू म्हणजे आल्फ्रेदो दि स्तेफानो. अर्जेंटिना, कोलंबिया आणि स्पेन ह्या तीन देशांच्या मैदानांवर तो धंदेवाईक सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळला. तिन्ही देशांत त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळविले आणि त्याने तिन्ही देशांच्या निशाणाचा शर्ट अंगावर चढविला. त्याची ही भटकंती केवळ हौसेची नव्हती. प्रत्येक स्थलांतरामागे कोठे एक संप, कोठे एक तह, कोठे एक लवाद उभा होता. म्हणूनच त्याचे चरित्र हा खेळाच्या इतिहासाइतकाच श्रमाच्या इतिहासाचाही भाग आहे.

दि स्तेफानोचा जन्म ४ जुलै १९२६ रोजी ब्वेनोस आयरेस शहराच्या बाराकास ह्या भागात झाला. त्याचे आजोबा इटलीतील काप्री बेटावरून आलेले. आईच्या घराण्यात फ्रेंच आणि आयरिश रक्त. स्थलांतर हे असे त्याच्या घरातच होते. वडील उमेदीच्या काळात रिव्हर प्लेट ह्या क्लबाकडून खेळले होते आणि पुढे बटाट्याच्या शेतीव्यापारात शिरले होते. मुलगा गल्लीबोळांत आणि मग शेतावर वाढला. शेतावरच्या कामाने अंगात जो दम आला तो पुढे नव्वद मिनिटे मैदानभर धावताना त्याच्या उपयोगी पडला, असे मानावयास हरकत नाही.

१९४५ साली तो रिव्हर प्लेटच्या पहिल्या संघात उतरला, तेव्हा त्या क्लबाची आघाडीची फळी साऱ्या दक्षिण अमेरिकेत ‘यंत्र’ ह्या नावाने गाजत होती. मुन्योस, मोरेनो, पेदेर्नेरा, लाब्रुना आणि लौस्ताउ ह्या पाच जणांच्या पंगतीत एकोणीस वर्षांच्या पोराला पान मिळणे कठीण होते. क्लबाने त्याला १९४६ च्या हंगामापुरते हुराकान ह्या दुसऱ्या क्लबाला उसने दिले. माणूस उसना देता येतो, ह्याचा हा त्याला आलेला पहिला अनुभव. पुढच्या वर्षी पेदेर्नेरा क्लब सोडून गेला, त्याची जागा ह्या तरुणास मिळाली, आणि १९४७ च्या हंगामात २७ गोल करून त्याने रिव्हर प्लेटला अजिंक्यपद मिळवून दिले. सोनेरी केस आणि बाणासारखी धाव ह्यांमुळे लोक त्याला ‘सोनेरी बाण’ म्हणू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस एक्वादोर देशातील ग्वायाकिल येथे दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद सामने झाले. तेथे अर्जेंटिनाकडून सहा सामन्यांत त्याने सहा गोल केले आणि त्याच्या देशाने ते अजिंक्यपद जिंकले. त्यानंतर अर्जेंटिनाचा शर्ट घालून अधिकृत सामना खेळण्याचा योग त्याला आयुष्यात पुन्हा आला नाही.

ह्याचे कारण १९४८ च्या संपात आहे. अर्जेंटिनातील फुटबॉलपटूंनी १९४४ साली आपली संघटना स्थापन केली होती. संघटनेला मान्यता मिळावी, किमान वेतनाची हमी असावी आणि करार संपल्यावर खेळाडूला मोकळीक असावी, अशा तिच्या मागण्या होत्या. नाटकाच्या थिएटरात नटाने संप करावा तशीच ही गोष्ट लोकांना प्रथम चमत्कारिक वाटली. क्लबांनी हंगामाचे उरलेले सामने नवशिक्या पोरांना खेळवून उरकून घेतले. दि स्तेफानो संपकऱ्यांच्या बाजूचा होता. तडजोड झाली खरी, परंतु वेतनावर कमाल मर्यादा घालण्यात आल्याने नामांकित खेळाडूंचे समाधान झाले नाही. अशा असंतुष्ट मनःस्थितीत त्यांच्या कानांवर कोलंबियाची हाक आली.

मध्यंतरी एक हृदयद्रावक घटना घडून गेली होती. ४ मे १९४९ रोजी इटलीच्या तोरिनो क्लबाचा अवघा संघ सुपेर्गाच्या टेकडीवर विमान कोसळून मृत्यू पावला. मृतांच्या कुटुंबीयांच्या मदतीसाठी रिव्हर प्लेटचा संघ समुद्र ओलांडून तूरिन शहरी गेला आणि सामना खेळून आला. दोन्ही बाजूंनी दोन दोन गोल झाले. त्यांतला एक दि स्तेफानोचा. एका बाजूस खेळाडूला मालाप्रमाणे मोजणारा हा व्यवहार, आणि दुसऱ्या बाजूस परक्या देशातील मृत सहकाऱ्यांसाठी हजारो मैल धावून जाणारी ही माया. फुटबॉलच्या जगात ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदत होत्या.

कोलंबियात त्या वेळी काय चालले होते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ९ एप्रिल १९४८ रोजी बोगोता शहरात गाइतान ह्या लोकप्रिय पुढाऱ्याचा खून झाला आणि राजधानी पेटली. देश यादवीच्या उंबरठ्यावर असतानाच, त्याच वर्षी, तेथे धंदेवाईक फुटबॉलची साखळी स्पर्धा सुरू झाली. स्पर्धेचे चालक आणि देशाची जुनी फुटबॉल संस्था ह्यांच्यात वितुष्ट आले, आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, ह्या स्पर्धेला वाळीत टाकले. परंतु वाळीत टाकलेल्याला गावचे नियम कोण लावणार? परदेशी क्लबाकडून खेळाडू आणावयाचा तर त्या क्लबाला भरपाई द्यावी, हा फिफाचा दंडक होता. कोलंबियाचे क्लब फिफाबाहेर असल्याने त्यांनी भरपाईचा पैसा वाचविला आणि तोच थेट खेळाडूच्या हातात ठेवला. मिल्योनारिओस ह्या बोगोताच्या क्लबाचे अध्यक्ष आल्फोन्सो सेनियोर ह्यांनी प्रथम पेदेर्नेराला आणले, आणि मागोमाग ऑगस्ट १९४९ मध्ये नेस्तोर रोस्सी व दि स्तेफानो हेही बोगोताला दाखल झाले. रिव्हर प्लेटला एक छदामही मिळाला नाही.

हा काळ कोलंबियाच्या इतिहासात ‘एल दोरादो’, म्हणजे सुवर्णनगरी, ह्या नावाने ओळखला जातो. त्याची झळ थेट इंग्लंडपर्यंत पोचली. इंग्लंडमध्ये तेव्हा कितीही मोठ्या खेळाडूला हंगामात आठवड्याला १२ पौंडांहून अधिक वेतन देण्यास बंदी होती. १९५० साली स्टोक सिटीचे नील फ्रँकलिन व जॉर्ज माउंटफोर्ड आणि मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटन हे बोगोताच्या सांता फे क्लबाकडे गेले. फ्रँकलिन तर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा खंदा बचावपटू होता. तो लवकरच परतला आणि त्यानंतर इंग्लंडकडून त्याला पुन्हा कधी खेळविले गेले नाही. नियम मोडणाऱ्याला शासन झाले; परंतु नियमच अन्यायाचा होता हे कबूल करावयास इंग्लंडला १९६१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कमाल वेतनाची मर्यादा रद्द झाली.

सुवर्णनगरी फार काळ टिकणारी नव्हती. १९५१ साली लिमा येथे तह झाला. त्यानुसार कोलंबियाला पुन्हा फिफात घेण्यात आले, परंतु पळवून आणलेले खेळाडू ऑक्टोबर १९५४ पर्यंत आपापल्या मूळ क्लबांना परत करावेत अशी अट पडली. ह्या तहात ज्यांच्या आयुष्याचा निकाल लागत होता त्या खेळाडूंचा शब्द मात्र नव्हता. दि स्तेफानोच्या बाबतीत ह्याचा अर्थ असा झाला, की १९५४ पर्यंत त्याच्यावर मिल्योनारिओसचा हक्क आणि त्यानंतर रिव्हर प्लेटचा. एकाच माणसाचे दोन धनी झाले, आणि पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ येथे आहे.

मार्च १९५२ मध्ये रेआल माद्रिद क्लबाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त मिल्योनारिओसचा संघ स्पेनला गेला. पाहुण्यांनी यजमानांना त्यांच्याच घरी ४–२ असे हरविले, आणि त्यांतले दोन गोल दि स्तेफानोने केले. माद्रिदचे अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेऊ ह्यांच्या मनात तो तेव्हाच भरला. परंतु बार्सिलोना क्लबाचेही त्याच्यावर लक्ष होते. वर्षअखेरीस दि स्तेफानो बोगोता सोडून ब्वेनोस आयरेसला परतला आणि पुन्हा गेला नाही. बार्सिलोनाने रिव्हर प्लेटशी सौदा केला; माद्रिदने मिल्योनारिओसशी. दोघांच्याही हाती कागद होता आणि दोघांचाही कागद अर्धाच होता. १९५३ च्या मे महिन्यात खेळाडू आपल्या कुटुंबासह बार्सिलोनाला येऊन राहिला, त्या क्लबाच्या शर्टात काही मैत्रीपूर्ण सामनेही खेळला, परंतु अधिकृत सामन्याची परवानगी त्याला मिळेना. ऐन सत्ताविशीतला, त्या काळातला बहुधा सर्वोत्तम सेंटर फॉरवर्ड महिनोन्‌महिने बसून राहिला आणि त्याच्याविषयीचे कागद कचेऱ्यांतून हिंडत राहिले.

अखेर सप्टेंबर १९५३ मध्ये लवाद म्हणून नेमलेल्या मुन्योस कालेरो ह्यांनी निवाडा दिला. चार हंगाम हा खेळाडू दोन्ही क्लबांनी आळीपाळीने वापरावा. पहिला हंगाम माद्रिदचा. दोन भावांनी वडिलार्जित विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात, तसाच हा न्याय! बार्सिलोनात संताप उसळला, क्लबाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि नव्या कारभाऱ्यांनी आपला अर्धा हक्क माद्रिदला विकून टाकला. ह्या निकालामागे फ्रँकोच्या राजवटीचा हात होता, असे कातालोनियातील लोक आजही मानतात. मिल्योनारिओसशी बोलणी करण्यात बार्सिलोनाने हयगय केली, असे माद्रिदचे म्हणणे असते. हुकूमशाहीत क्रीडासंस्थांचे अधिकारी सरकारनियुक्त होते आणि ह्याच सुमारास परदेशी खेळाडूंवर बंदीचा हुकूमही निघाला होता, हे खरे. बार्सिलोनाकडे लाझ्लो कुबाला हा हंगेरीतून निसटून आलेला असामान्य खेळाडू होता आणि तो क्षयाच्या आजारातून उठून पुन्हा खेळू लागला होता, म्हणून त्या क्लबाची निकड कमी झाली होती, हेही खरे. इतिहासाच्या तराजूत दोन्ही गोष्टी घालाव्या लागतात. पण एक गोष्ट वादातीत आहे. ह्या खटाटोपात दि स्तेफानोला कोठे खेळावयाचे आहे, हा प्रश्न कोणत्याच निकालपत्राच्या केंद्रस्थानी नव्हता.

मैदानावर मात्र त्याने लवकरच निकाल दिला. २५ ऑक्टोबर १९५३ रोजी माद्रिदने बार्सिलोनाचा ५–० असा पराभव केला, आणि दि स्तेफानोने त्यात दोन गोल केले. १९३३ नंतर माद्रिदला स्पेनचे अजिंक्यपद मिळाले नव्हते. ते १९५४ साली मिळाले, आणि पुढील दहा वर्षांत आणखी सात वेळा मिळाले. स्पेनमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून तो पाच हंगामांत पहिला आला.

ह्या माणसाचा खेळ होता तरी कसा? सेंटर फॉरवर्डने प्रतिस्पर्ध्याच्या गोलासमोर ठाण मांडावे, बाकीच्यांनी चेंडू आणून द्यावा, आणि त्याने तो जाळ्यात धाडावा, अशी त्या काळची वाटणी होती. दि स्तेफानोने ही वाटणी मोडली. तो आपल्या गोलरक्षकापाशी येऊन चेंडू मागून घेई, मधल्या फळीत तो खेळवी, डाव्या उजव्या बगलांना वाटा दाखवी, आणि हल्ला शत्रूच्या गोलापाशी पोचे तेव्हा शेवटचा फटका मारावयास पुन्हा हाच हजर असे. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी नेमलेल्या बचावपटूने त्याच्या मागे मैदानभर धावावे तर बचावात भगदाड पडे. न धावावे तर तो मोकळा सुटे. पाठीवर नऊ हा अंक असलेला हा खेळाडू बचाव, मांडणी आणि हल्ला ही तिन्ही कामे एकटा करी. स्वभावाने तो करडा होता. सहकाऱ्याने धाव चुकविली तर त्याची गय करीत नसे. ब्राझीलचा थोर खेळाडू दिदी १९५९ साली माद्रिदला आला आणि वर्षभरात परतला. दि स्तेफानोशी त्याचे जुळले नाही हे त्याचे एक कारण मानले जाते.

१९५५ साली युरोपातील अजिंक्य क्लबांची स्पर्धा सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या पाचही वर्षी माद्रिदने चषक जिंकला. १९५६ च्या पॅरिस येथील अंतिम सामन्यात रँस ह्या फ्रेंच क्लबाने पहिल्या दहा मिनिटांतच दोन गोल चढविले होते. माद्रिदचा पहिला गोल दि स्तेफानोने केला आणि संघ ४–३ असा जिंकला. पाचही अंतिम सामन्यांत त्याचा किमान एक गोल आहे. ह्या पाचांचा कळस म्हणजे १८ मे १९६० रोजी ग्लासगोच्या हँपडेन पार्कवर झालेला सामना. सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक जमले होते. समोर जर्मनीचा आइनट्राख्ट फ्रांकफुर्ट होता, आणि त्याने उपांत्य फेरीत ह्याच शहराच्या रेंजर्स क्लबाला दोन सामन्यांत मिळून बारा गोलांनी नामोहरम केले होते. पहिला गोलही जर्मनांनीच केला. त्यानंतर दि स्तेफानोने तीन आणि पुश्काशने चार गोल केले. सामना ७–३ असा संपला. ह्या दोन गोलकर्त्यांपैकी एक संपातून आणि तहांतून वाट काढीत आलेला, तर दुसरा १९५६ च्या हंगेरीतील उठावानंतर मायदेशी न परतलेला, बंदी भोगून तिशी उलटल्यावर पुन्हा उभा राहिलेला. ग्लासगोच्या हिरवळीवर त्या संध्याकाळी दोन निर्वासितांनी खेळाचा इतिहास लिहिला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु ज्याला देशांच्या सीमा अडवू शकल्या नाहीत, त्याला जागतिक अजिंक्यपदाच्या दारात मात्र त्याच सीमांनी अडविले. १९५० आणि १९५४ ह्या दोन्ही स्पर्धांत अर्जेंटिनाने भाग घेतला नाही. १९५६ साली तो स्पेनचा नागरिक झाला आणि स्पेनकडून ३१ सामन्यांत त्याने २३ गोल केले. परंतु १९५८ च्या स्पर्धेसाठी स्पेनचा संघ पात्रच ठरला नाही. १९६२ साली तो छत्तिशीच्या उंबरठ्यावर असताना स्पेनच्या संघाबरोबर चिलीला गेला, पण दुखापतीमुळे एकही सामना खेळू शकला नाही. दोनदा युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या ह्या माणसाच्या नावावर जागतिक स्पर्धेतील एक मिनिटही नाही.

कीर्तीचेही भाडे द्यावे लागते. ऑगस्ट १९६३ मध्ये माद्रिदचा संघ व्हेनेझुएलातील काराकास येथे खेळावयास गेला असता, २४ तारखेला पहाटे पोलिसांच्या वेषात काही तरुण त्याच्या हॉटेलात शिरले आणि त्याला घेऊन गेले. ते सरकारविरोधी सशस्त्र संघटनेचे लोक होते. त्यांना खंडणी नको होती. जगाचे लक्ष हवे होते. दोन दिवस त्यांनी त्याला डांबून ठेवले, त्याच्याशी पत्ते आणि डॉमिनो खेळले, आणि मग स्पेनच्या वकिलातीजवळ सुखरूप सोडून दिले. क्लबांनी त्याचे पाय वापरले होते. ह्या तरुणांनी त्याचे नाव वापरले.

१९६४ साली व्हिएन्नात इंटर मिलानकडून माद्रिदचा पराभव झाला आणि प्रशिक्षक मुन्योस ह्यांच्याशी त्याचे बिनसले. अकरा हंगामांत ३९६ अधिकृत सामने आणि ३०८ गोल अशी नोंद मागे ठेवून त्याने माद्रिद सोडले. गंमत अशी, की तो गेला बार्सिलोना शहरातच, परंतु तेथील दुसऱ्या क्लबाकडे, एस्पान्योलकडे. दोन वर्षे तेथे खेळून चाळिसाव्या वर्षी त्याने बूट उतरविले. पुढे प्रशिक्षक म्हणूनही त्याने बिऱ्हाडे बदलली. बोका ज्युनिअर्सला १९६९ साली आणि रिव्हर प्लेटला १९८१ साली, म्हणजे अर्जेंटिनातील दोन कट्टर वैऱ्यांना, त्याने अजिंक्यपदे मिळवून दिली. १९७१ साली व्हालेन्सियाला स्पेनचे अजिंक्यपद मिळवून दिले. २००० साली माद्रिदने त्याला मानाचे अध्यक्ष केले. ७ जुलै २०१४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्या शहरातच त्याचे निधन झाले.

ह्या चरित्राचा अर्थ काय लावावयाचा? दि स्तेफानो हा बंडखोर होता काय? एका अर्थी होता. संपकऱ्यांची बाजू त्याने सोडली नाही आणि क्लबाची बेडी तोडून तो निघून गेला. पण दुसऱ्या अर्थी तो आपले हित ओळखणारा व्यवहारी माणूसही होता. बोगोताचा करार पुरा न करता तो निघून गेला, हे त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही. त्याच्या कर्तृत्वाने त्याची स्वतःची सुटका झाली, त्याच्या धंदेबंधूंची झाली नाही. ज्याच्या पायांत असे अलौकिक सामर्थ्य नव्हते तो खेळाडू कपाटातल्या कागदाला बांधलेलाच राहिला. ती सुटका व्हावयास बेल्जियममधील झाँ-मार्क बोस्मान ह्या तुलनेने अप्रसिद्ध खेळाडूला न्यायालयाची पायरी चढावी लागली. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला, की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे जाऊ लागला तर जुन्या क्लबाला त्याच्यासाठी किंमत मागता येणार नाही. अर्जेंटिनाच्या खेळाडूंनी १९४८ साली जी मोकळीक मागितली होती, तिच्यासारखीच ही मोकळीक. मधे सत्तेचाळीस वर्षे गेली.

म्हातारपणी दि स्तेफानोच्या माद्रिद येथील घराच्या बागेत एका चेंडूचे शिल्प होते आणि त्यावर त्या चेंडूचे आभार मानणारे शब्द कोरलेले होते. ते आभार ना कोण्या क्लबाचे होते, ना कोण्या देशाचे. तीन राष्ट्रांचे शर्ट, अनेक क्लबांची निशाणे आणि कचेऱ्यांतल्या कागदांची चळत, ह्या सगळ्यांतून त्याची निष्ठा अखेरपर्यंत जिच्याशी राहिली ती वस्तू ही एवढीच होती.